दूधदुभतेही सोडल्यानंतर रक्ताची काळजी : बेळगाव सीमाभागातील नवख्यांसाठी मार्गदर्शक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात शाकाहाराचे अप्रूप कोणालाच नाही. जैन, लिंगायत आणि माळकरी घरांतल्या कित्येक चुलींवर पिढ्यान्‌पिढ्या अंडेसुद्धा चढलेले नाही. अलीकडे काही घरांत दिसू लागला आहे तो त्याच्याही पुढचा नेम, म्हणजे दूध, दही, ताक, तूप आणि मधही वर्ज्य करणे. कोणी जीवदयेपोटी हे करतो, कोणी मधुमेहाच्या वा कोलेस्टेरॉलच्या धास्तीने, तर काही घरांत बेंगळुरू-पुण्याला शिकायला गेलेली मुले हा विचार घेऊन परततात. आमच्या घरी हा बदल होऊन काही वर्षे झाली. त्या काळात प्रयोगशाळा, औषधांची दुकाने आणि निरनिराळे डॉक्टर यांच्याकडून जे समजून घेता आले, ते नव्याने या वाटेला लागणाऱ्यांसाठी क्रमाने मांडत आहे. निदान करणे आणि औषधाची मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे. त्यांच्याकडे जाताना सोबत काय न्यावे आणि काय विचारावे, एवढ्यापुरता हा लेख आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. पूर्ण वनस्पतिजन्य आहारावर रक्त उत्तम राहू शकते, परंतु बी-१२ हे जीवनसत्त्व ताटातून मिळत नाही. ते गोळीच्या रूपाने कायम घ्यावे लागते, आणि ती गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा रक्त तपासून घ्यावे लागते. आधी गोळ्या आणि मग तपासणी असा उलटा क्रम लागला की अहवालातून काहीच उमगत नाही आणि पुढचे कित्येक महिने चाचपडण्यात जातात.

१. आधी आपला आहार वहीत उतरवा

आठवडाभराचे खाणे एका वहीत लिहून काढा. डॉक्टरांनी विचारल्यावर आपण "सगळे खातो" असे म्हणून मोकळे होतो, पण त्यातून त्यांना काहीच कळत नाही. ज्वारीची भाकरी किती, कडधान्य आठवड्यातून किती वेळा, पालेभाजी कोणती, चहा कधी, हे लिहा. जैन कुटुंबांनी चातुर्मासाचा आहार वेगळा लिहावा, कारण त्या चार महिन्यांत पालेभाज्या बंद असतील तर फोलेटचा, म्हणजे रक्तपेशी तयार होण्यास लागणाऱ्या ब गटातल्या जीवनसत्त्वाचा, एक मोठा स्रोत कमी होतो आणि सगळी भिस्त कडधान्यांवर येते.

त्याच वहीत आणखी तीन गोष्टी हव्यात. दूध कधी सोडले तो महिना व वर्ष; चालू असलेली औषधे, विशेषतः मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोलसारख्या गोळ्या, कारण या दोहोंमुळे बी-१२चे शोषण घटते; आणि जठराची वा आतड्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचा कागद.

दूध सोडल्याची तारीख का लागते, तेही पाहू. यकृतात बी-१२चा साठा असतो आणि भरलेला साठा साधारण दोन ते पाच वर्षे पुरतो. मात्र "भरलेला" हा शब्द नीट वाचावा. ज्याने आयुष्यभर मांस-अंडी खाल्ली आणि नंतर सोडली, त्याचा साठा बरा असतो. आपल्याकडच्या जन्मजात शाकाहारी माणसाचा सगळा पुरवठा दुधावर चाललेला असतो, आणि १०० मिलिलिटर गाईच्या दुधात बी-१२ असते जेमतेम ०.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास. दिवसाची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅमची. दोन कप चहातले दूध आणि वाटीभर ताक यांवर वाढलेल्या माणसाचा साठा मुळातच तोकडा असतो, म्हणून "पाच वर्षे काही होत नाही" हा इंटरनेटवरचा दिलासा आपल्या भागातल्या लोकांनी स्वतःला लावून घेऊ नये.

२. ताटातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे एकदा पक्के करा

बी-१२ वनस्पती तयार करत नाहीत, प्राणीही करत नाहीत. ते तयार करतात जिवाणू. गाई-म्हशींच्या पोटातल्या जिवाणूंनी केलेले बी-१२ त्यांच्या दुधा-मांसात उतरते. आपल्याही मोठ्या आतड्यात असे जिवाणू असतात, पण बी-१२ शोषले जाते ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे त्याच्या अलीकडे, त्यामुळे त्या उत्पादनाचा आपल्याला उपयोग होत नाही.

येथे बऱ्याच समजुती आड येतात. नाचणीची किंवा ज्वारीची आंबील, इडली, डोसा हे आंबवलेले पदार्थ उत्तम आहेत, त्यांच्यामुळे धान्यातले लोह अधिक मोकळे होते, परंतु भरवशाचे बी-१२ त्यांत नसते. शेवग्याच्या पाल्यात, अळंबीत, अंकुरित मटकीत तर नसतेच. स्पिरुलिनाच्या डबीवर बी-१२चा आकडा छापलेला असतो, मात्र त्यातला बराचसा भाग दिसायला बी-१२सारखा पण शरीराला निरुपयोगी अशा घटकाचा असतो. पूर्वीचे लोक विहिरीचे पाणी पीत, न धुतलेली भाजी खात, त्यातून थोडेफार मिळत असेल. त्यासाठी आज कोणी गढूळ पाणी पिऊ नये.

रेशनच्या तांदळाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यावर गावोगाव वाद ऐकू येतात. पोषणयुक्त तांदळात १०० भागांत एक भाग असे वेगळे दाणे मिसळलेले असतात, आणि त्यांत लोह, फोलिक ॲसिड (औषधी रूपातले फोलेट) व बी-१२ घातलेले असते. पाखडताना हे दाणे किंचित पिवळट दिसतात, पाण्यात टाकल्यावर काही तरंगतात, म्हणून कित्येक बायका त्यांना प्लास्टिकचा तांदूळ समजून वेचून टाकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात जीवनसत्त्वे मिसळून पाडलेले दाणे आहेत, ते टाकू नयेत. मात्र त्यांवर विसंबूनही राहू नये. नियमाप्रमाणे एका किलोत बी-१२ असते ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम. महिन्याला पाच किलो तांदूळ खाणाऱ्याला त्यातून फार तर सहा मायक्रोग्रॅम मिळतील, आणि महिन्याची गरज साठाहून अधिक आहे.

ड जीवनसत्त्वाचे त्या मानाने सोपे आहे: ऊन आणि गरज पडल्यास औषध. आयोडीनयुक्त मीठ वापरा, सैंधवावर जाऊ नका. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आपल्याकडे मुबलक आहेत.

३. लक्षणे नेमक्या शब्दांत सांगायला शिका

"अशक्तपणा आहे" असे म्हटले की बहुतेक ठिकाणी ताकदीची सुई मिळते आणि विषय संपतो. म्हणून नेमके सांगा. जिना चढताना धाप लागते का, जीभ लालबुंद व गुळगुळीत होऊन तिखट झोंबते का, तोंड वारंवार येते का, दोन्ही पायांच्या तळव्यांना मुंग्या येतात का, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही असे होते का. बी-१२च्या कमतरतेची दोन चिन्हे आपल्या लोकांत विशेष दिसतात आणि सहसा दुर्लक्षिली जातात. एक म्हणजे बोटांच्या पेरांवरची त्वचा काळवंडणे. हातांची पाठ उजेडात धरून घरातल्या इतरांच्या हातांशी ताडून पाहिल्यास ते लगेच कळते. दुसरे म्हणजे तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जाणे. पायांच्या सांध्यांकडून मेंदूकडे जाणारी जाणीव मंदावली की माणूस डोळ्यांच्या आधाराने उभा राहतो, आणि डोळे मिटले की तो आधार सुटतो.

डोळ्यांत किंचित पिवळेपणा दिसला तर आपल्याकडे लगेच कावीळ ठरते आणि माणूस झाडपाल्याच्या औषधाला नेला जातो. बी-१२ कमी असताना अर्धवट वाढलेल्या तांबड्या पेशी मज्जेतच फुटतात, त्यामुळेही बिलिरुबिन थोडे वाढते. त्यामुळे अशा वेळी यकृताच्या तपासणीबरोबर रक्ताचीही तपासणी करायला सांगावे.

मुंग्या, बधिरता, तोल जाणे, विसरभोळेपणा यांपैकी काही असेल तर आठवडाभर थांबू नका. नसांचे नुकसान लांबले की ते पूर्ण भरून येईलच असे नसते.

४. गोळी किंवा सुई घेण्यापूर्वी रक्त द्या

सोबत न्यायच्या वस्तू:

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड. सरकारी रुग्णालयात चिठ्ठी काढताना व सवलतीसाठी दोन्ही लागू शकतात.
- जुने सर्व अहवाल, तारखेनुसार लावलेले.
- आहाराची वही आणि चालू औषधांची रिकामी पाकिटे. नाव सांगण्यापेक्षा पाकीट दाखवणे बरे.
- एक पेन. चिठ्ठी कन्नडमध्ये आणि अहवाल इंग्रजीत असतो. डॉक्टर जे तोंडी सांगतील ते तिथल्या तिथे मराठीत लिहून घ्यावे.

तपासण्या कोणत्या कराव्यात, हा पुढचा प्रश्न. पहिल्या वेळी मी तरी या चार मागून घेईन: सीबीसी म्हणजे रक्तपेशींची संपूर्ण गणना, सीरम बी-१२ म्हणजे रक्तातले बी-१२, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि ड जीवनसत्त्व. सीबीसी प्राथमिक आरोग्य केंद्रातही बहुधा होते. बाकीच्या तालुक्याच्या ठिकाणी घेतल्या तरी नमुना बऱ्याचदा बेळगावला किंवा त्याही पुढे जातो, आणि येथेच एक सापळा आहे. सीबीसीसाठीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीतले रक्त दिवसभराहून अधिक पडून राहिले की पेशी फुगतात आणि त्यांचा आकार खोटाच मोठा दिसतो. अथणीहून शनिवारी दुपारी दिलेला नमुना सोमवारी यंत्रात जाणार असेल तर तो देऊच नये. "नमुना कधी निघतो आणि कधी लागतो" हे काउंटरवर विचारण्यात संकोच करू नका. शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी रक्त द्या.

बेळगावात जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि खासगी प्रयोगशाळा आहेत, तेव्हा शहरात जाणे शक्य असेल तर सगळे एकाच जागी उरकावे. होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारा एक घटक) ही तपासणी सांगितली असेल तर ती शहरातच करावी, कारण तो नमुना बर्फावर ठेवून लगेच वेगळा करावा लागतो. तसे न झाल्यास आकडा आपोआप वाढतो.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगून दोन-तीन दिवस आधी बंद करा. जास्त मात्रेतल्या बायोटिनमुळे काही यंत्रांवर बी-१२चा आकडा चुकीचा येतो.

सर्वांत मोठा सापळा मात्र लाल इंजेक्शनचा, म्हणजे बी-१२च्या सुईचा. थकव्याची तक्रार घेऊन गेल्यावर ती लाल सुई आधी टोचली जाते आणि रक्त नंतर घेतले जाते. मग बी-१२ वरच्या मर्यादेच्याही पुढे येते, माणूस "माझे तर भरपूर आहे" म्हणून निर्धास्त होतो, आणि दुधाशिवाय राहणाऱ्याची मूळ स्थिती काय होती ते कधीच कळत नाही. नसांची लक्षणे तीव्र असतील तर उपचार थांबवून ठेवायचे नाहीत हे खरे, पण रक्त काढून घेऊन त्याच दिवशी सुई देता येते. तेवढी विनंती नम्रपणे पण ठामपणे करावी.

५. अहवाल ओळीओळीने वाचा

अहवाल हाती आला की लोक हिमोग्लोबिन पाहतात आणि कागद मिटतात. हिमोग्लोबिनची खालची मर्यादा पुरुषांसाठी १३, स्त्रियांसाठी १२ आणि गरोदर स्त्रियांसाठी ११ ग्रॅम धरतात. पण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्याने त्याच्या खालच्या दोन ओळी अधिक लक्षपूर्वक पाहाव्यात.

पहिली एमसीव्हीची. हा तांबड्या पेशीचा सरासरी आकार, साधारण ८० ते १००. लोह कमी पडले की पेशी लहान होतात, बी-१२ किंवा फोलेट कमी पडले की मोठ्या. दुसरी आरडीडब्ल्यूची. पेशींच्या आकारांत आपसांत किती फरक आहे ते ती सांगते, आणि १४-१५च्या वर गेली की काही तरी बिनसले आहे असे समजावे.

या दोन ओळी एकत्र का वाचायच्या, ते आमच्या नात्यातल्या एका बाईंच्या अहवालावरून सांगतो. हिमोग्लोबिन १०.९, एमसीव्ही ८८, आरडीडब्ल्यू १९. एमसीव्ही नेमका मधोमध, म्हणून पेशी ठीक आहेत असा शेरा मिळाला आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या तपासणीत एमसीव्ही १०४. झाले होते असे की लोहही कमी होते आणि बी-१२ही. एकाने पेशी लहान केल्या, दुसऱ्याने मोठ्या, आणि सरासरी बिनधोक दिसली. त्या १९च्या आकड्यात ते सगळे आधीच लिहिलेले होते. लोह भरून आल्यावर बी-१२ची उणीव उघडी पडली. आपल्या भागातल्या बायकांत हे जोडदुखणे इतके सर्रास आढळते की एमसीव्ही ठीक असला तरी बी-१२ आणि फेरिटिन दोन्ही पाहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीरम बी-१२ साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता, २०० ते ३०० म्हणजे संशयाची जागा. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी वेगळी असते, आणि काही ठिकाणी अहवाल पिकोमोलमध्ये येतो. पिकोग्रॅमच्या आकड्याला ०.७४ने गुणले की पिकोमोल मिळतो, म्हणजे २०० पिकोग्रॅम हे सुमारे १४८ पिकोमोल. दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवताना एकक पाहिल्याशिवाय वाढले वा घटले असे म्हणू नये. आकडा संशयाच्या जागेत असेल आणि लक्षणे असतील, तर मिथिलमॅलोनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीन यांची तपासणी डॉक्टर सुचवू शकतात. पेशीला बी-१२ पुरत नसेल तर हे दोन्ही घटक वाढतात.

फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. १५च्या खाली गेले की साठा संपला असे जागतिक आरोग्य संघटना मानते. पुष्कळ डॉक्टर ३०च्या खालीच उपचार सुरू करतात. ताप, जंतुसंसर्ग किंवा सूज असताना फेरिटिन उगाचच वाढलेले दिसते, त्यामुळे आजारातून उठल्याबरोबर ही तपासणी करू नये.

पेशी फार लहान, पण त्यांची संख्या मात्र भरपूर, असे दिसले तर लोहाची गोळी गिळण्याआधी थांबा. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने, म्हणजे दशलक्षातल्या आकड्याने, भागून उत्तर १३च्या खाली आले तर थॅलेसेमियाचे वाहकत्व असण्याची शंका येते. त्यासाठी हिमोग्लोबिनची वेगळी तपासणी असते, आणि लग्न ठरण्याच्या वयातल्या मुला-मुलींनी ती टाळू नये.

मधुमेहींसाठी एक सूचना: लोह किंवा बी-१२ कमी असताना तीन महिन्यांच्या साखरेचा एचबीए१सी आकडा असतो त्यापेक्षा जास्त येऊ शकतो. केवळ त्यावरून गोळ्या वाढवण्याआधी ही शंका डॉक्टरांच्या कानावर घालावी.

६. बी-१२ची गोळी निवडणे

अहवाल चांगला असो वा वाईट, गोळी लागणारच आहे. फरक फक्त मात्रेचा. कमतरता सिद्ध झाली असेल तर रोज १००० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक तोंडाने, अथवा ठरावीक अंतराने इंजेक्शने, हे डॉक्टर ठरवतील. नसांची लक्षणे असतील तर इंजेक्शनच बरे. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेले असेल तर घरी उपचार करण्याचा विचारही करू नये.

कमतरता नसलेल्या प्रौढासाठी शाकाहाराचे जाणकार साधारणपणे दोन पर्याय सांगतात: रोज किमान १० मायक्रोग्रॅम, नाही तर आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. हे हिशेब विचित्र वाटतात. त्यामागचे कारण असे की जठरातल्या एका प्रथिनाच्या साहाय्याने एका वेळी फक्त दीड-दोन मायक्रोग्रॅम बी-१२ आत घेतले जाते. त्यापुढच्या मात्रेतले अवघे एक टक्का आपोआप झिरपते. म्हणून २००० मधले सुमारे २० मायक्रोग्रॅमच रक्तात येतात आणि ते आठवड्याला पुरतात. बाकीचे शरीराबाहेर जाते. तेव्हा मोठा आकडा पाहून घाबरू नये.

दुकानात गेल्यावर पाकिटाची मागची बाजू वाचा. "बी-कॉम्प्लेक्स" लिहिले आहे म्हणून त्यात पुरेसे बी-१२ असेलच असे नाही. "नसांची गोळी" म्हणून मिळणाऱ्या मिश्रणांत प्रीगाबालिनसारखे झोप आणणारे औषध असू शकते, तर काहींत बी-६ची मोठी मात्रा असते, आणि ती दीर्घकाळ घेतल्यास तिनेच नसांना इजा होते. आपल्याला साधी, एकट्या बी-१२ची गोळी हवी आहे. सायनोकोबालामिन टिकाऊ आहे आणि त्याचा अभ्यासही सर्वाधिक झाला आहे. आपल्या दुकानांत मात्र मिथिलकोबालामिनच पुढे केले जाते. तेही चालते, नियमितपणा महत्त्वाचा. जनऔषधी केंद्रात विचारून पाहावे, किमतीत बराच फरक पडतो.

व्रत कडक असणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते, आणि कित्येक गोळ्यांत लॅक्टोज असते. ड जीवनसत्त्वाची डी-३ पुडी बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनते. डी-२ किंवा दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेले डी-३ मिळते, पण तालुक्याच्या गावी ते आधी सांगून मागवावे लागते. खाद्यपदार्थांच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका दुधालाही लागू असतो. दूधही नसलेल्या पदार्थांसाठी इंग्रजी व्ही अक्षर आणि पान असलेली वेगळी हिरवी खूण २०२२च्या नियमांनी आली आहे. एखाद्या औषधाला पर्यायच नसेल, तर व्रतापायी उपचार सोडू नयेत असे मला वाटते. आमच्या ओळखीच्या जैन घरांतही वडीलधाऱ्यांनी औषधाला मोकळीक दिलेली पाहिली आहे.

७. लोह आणि फोलेट ताटातून वाढवा

लोहाच्या बाबतीत आपला भाग सुदैवी आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलगे, मटकी, चवळी, राजगिरा, पुंडीची भाजी, कारळ्याची आणि तिळाची चटणी हे सगळे घरातलेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला १९ आणि पाळी येणाऱ्या स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह हवे, आणि हे आकडे एवढे मोठे असण्याचे कारण वनस्पतींतले लोह थोडेच शोषले जाते हे आहे. ते वाढवण्याचे उपाय स्वयंपाकघरातच आहेत. हुलगे मोड आणून शिजवा, आमटीत लिंबू वरून आणि शेवटी पिळा, जेवणात आवळा किंवा पेरू ठेवा, आंबट भाजी लोखंडी कढईत करा. चहा जेवणाबरोबर नको, तासाभराने घ्या. बिनदुधाचा कोरा चहाही यातून सुटत नाही. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका. लोहाच्या गोळीने पोट बिघडत असेल तर ती एक दिवसाआड घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा. काही जणांत तशीच ती जास्त अंगी लागते.

आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. किशोरवयीन मुला-मुलींची निळी आणि स्त्रियांची लाल गोळी यांत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. लहान शाळकरी मुलांच्या गुलाबी गोळीत ४५ मिलिग्रॅम व ४०० मायक्रोग्रॅम. बी-१२ या तिन्हींत नाही. गोळी चांगलीच आहे, घ्यावी. परंतु दूध न घेणाऱ्याने ती एकटी घेणे धोक्याचे आहे. फोलिक ॲसिडने रक्त सुधारते, हिमोग्लोबिन वर येते, चेहऱ्यावर तजेला दिसतो, आणि बी-१२विना नसांची झीज मागे चालूच राहते.

फोलेटचा शोध आपल्या जुन्या इलाख्यातलाच आहे. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता त्या काळात, १९२८ मध्ये, ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि कापड गिरण्यांतल्या गरोदर कामगार स्त्रियांच्या मोठ्या पेशींच्या पंडुरोगाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट ठरला. बी-१२ हाती आले १९४८ मध्ये. मधल्या वर्षांत बी-१२ची कमतरता असलेल्या रोग्यांना फोलिक ॲसिड देऊन पाहिले गेले, आणि रक्त सुधारूनही पाय लुळे पडत गेल्याचे डॉक्टरांनी पाहिले. वरची सूचना त्या अनुभवातून आली आहे.

८. गरोदर स्त्री किंवा तान्हे बाळ घरात असेल तर

येथे कसलीही सूट घेऊ नये. आईला बी-१२ पुरत नसेल तर तिच्या दुधातही ते पुरेसे उतरत नाही. असे बाळ अंगाने गुबगुबीत दिसते, पण सहा महिन्यांनंतर मंद होत जाते, हसणे-बसणे विसरते, पेरे काळवंडतात आणि अंगाला थरथर सुटते. वेळेवर ओळखले तर उपचार सोपा आहे. उशीर झाला तर बुद्धीवर परिणाम राहू शकतो. म्हणून दिवस राहण्याचा विचार असतानाच स्त्रीने तपासणी करून गोळी सुरू करावी, आणि वरचे अन्न सुरू झाल्यावर बाळाचा बी-१२ थेंब बालरोगतज्ज्ञांना विचारून द्यावा.

शाळकरी मुलाला शाळेत अंड्याऐवजी केळे मागता येते, पण त्यात बी-१२ नाही हे लक्षात ठेवून घरची गोळी चालू ठेवावी. साठीपुढच्या बऱ्याच माणसांचे जठर अन्नातले बी-१२ नीट सोडवून घेऊ शकत नाही. त्यांना दूध घेत असतानाही गोळी लागू शकते.

९. पुन्हा केव्हा तपासावे

कमतरतेवर उपचार सुरू झाले की आठवड्याभरात नव्या पेशी दिसू लागतात आणि हिमोग्लोबिन साधारण दोन महिन्यांत पूर्वपदावर येते. नसांना मात्र कित्येक महिने लागतात, आणि सुरुवातीला मुंग्या थोड्या वाढल्यासारख्याही वाटू शकतात. त्या दिवसांत गोळी सोडून देणारे बरेच असतात. दोन-तीन महिन्यांनी सीबीसी आणि फेरिटिन पुन्हा करा, कारण नव्या पेशी भराभर तयार होताना लोह वापरले जाते आणि आधी पुरेसे वाटलेले लोह आता कमी पडू शकते. सगळे मार्गी लागल्यावर वर्षातून एकदा पुरे. शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी.

शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा दातांच्या उपचारासाठी गुंगीचा वायू देणार असतील, तर तुम्ही दूधही घेत नाही हे भूलतज्ज्ञांना आधी सांगा आणि बी-१२चा शेवटचा अहवाल दाखवा. नायट्रस ऑक्साइड हा वायू शरीरातले बी-१२ निकामी करतो, आणि ज्याचा साठा काठावर आहे अशा माणसाला त्यानंतरच्या काही आठवड्यांत पायांची ताकद जाण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. भुलीसाठी दुसरी औषधे उपलब्ध असतात, त्यामुळे वेळेवर कळले तर ती वापरता येतात.